ग्रहण आणि काकू

माझ्या धाकट्या काकूचा मुलगा आज नऊ वर्षांचा आहे. त्याला आधाराशिवाय उभे राहता येत नाही. पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. पण चेष्टा त्याला बरोबर कळते, आणि माझ्याआधी तोच हसतो. दिवस गेलेले असताना काकू ग्रहणात भाजी चिरायला बसली म्हणून हे झाले, असे आजी अजून म्हणते. काकू उलट उत्तर देत नाही.

या विकाराला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. कोवळ्या मेंदूला इजा झाली किंवा त्याची घडणच बिघडली की स्नायूंवरचा ताबा सुटतो. लंडनचे डॉक्टर विल्यम लिटल यांनी १८६१ साली अडलेले बाळंतपण, अकाली जन्म आणि जन्मताना गुदमरणे यांवर बोट ठेवले. १८९७ मध्ये दुसऱ्या एका डॉक्टरांनी शंका काढली: अवघड बाळंतपण हे कारण नसून गर्भातच काही बिघडल्याचे ते लक्षण असले तर? हे डॉक्टर म्हणजे सिग्मंड फ्रॉइड! मानसशास्त्राच्या तासाला आपण त्यांची स्वप्नमीमांसा तेवढी शिकतो. त्यांची शंका बरीचशी खरी ठरली. जन्मताना गुदमरल्याने हा विकार होणारी मुले थोडीच असतात.

मोठा धोका अपुऱ्या दिवसांचा. बत्तीस आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतील रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. जुळ्यांत हा धोका वाढतो, कारण ती बहुधा लवकर आणि कमी वजनाची जन्मतात. गर्भारपणातील रुबेलासारखे संसर्गही मेंदूला इजा करतात. अकाली कळा सुरू झाल्यास आता आईला मॅग्नेशियम सल्फेट देतात. त्याने धोका घटतो.

आनुवंशिकतेचे काय? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २५० मुले व त्यांचे आईवडील तपासले. सुमारे १४ टक्के मुलांच्या विकाराचा संबंध जनुकांतील बिघाडाशी लावता आला. त्यांतले बहुतेक बिघाड मुलातच नव्याने उद्भवलेले होते, आईवडिलांत नव्हतेच. तेव्हा सुनेच्या माहेराकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. जवळच्या नात्यात लग्न झाले, तर मात्र दोघांकडून एकच दोष मुलात येण्याचा संभव वाढतो. आजीचे स्वतःचे लग्न आतेभावाशी झाले होते. हे तिच्यापुढे बोलण्याची माझी छाती नाही.

काकूला जुळे होते. सातव्या महिन्यातच बाळंत झाली. एक मूल गेले. हे सारे मी तिला समजावून सांगितले, तेव्हा तिने इतकेच विचारले, “मग जुळे राहिले, त्यात तर माझी चूक नव्हती ना रे?”

“नाही,” मी म्हणालो.