कृष्णधवल फिल्मचा पुनर्जन्म

वैद्यकी आणि छायाचित्रण यांचे नाते पुरातन आहे, आणि त्या नात्याचा एक धागा आपल्या गोमंतकाशी जोडलेला आहे. पेडणे महालातील मांद्रे गावी जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील डॉक्टर. कुष्ठरोगावरील त्यांचे प्रयत्न आणि प्राच्यविद्येतील त्यांची कामगिरी सर्वश्रुत आहे. परंतु १८५४ साली मुंबईत स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीशीही त्यांचा संबंध होता, हे फारसे कोणाच्या स्मरणात नसते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः कुशल छायाचित्रकार होते. छायाचित्रणाची कला युरोपात जन्मून जेमतेम पंधरा वर्षे लोटलेली असताना या दोन डॉक्टर बंधूंना तिने आकृष्ट केले होते.

या क्षेत्रातील एक मूलभूत शोधही एका डॉक्टरनेच लावला. त्या काळी काचेवर कलोडियन ओतून ती ओली असतानाच फोटो घ्यावा लागे. कलोडियनमध्ये ईथर असे आणि त्याच्या वाफांचा प्रकृतीला उपद्रव होई. इंग्लंडमधील डॉ. रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी १८७१ साली कलोडियनऐवजी जिलेटिन वापरून पाहिले आणि कोरड्या काचेवर छायाचित्र घेण्याचा मार्ग मोकळा केला. चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण जिलेटिनमध्ये विखुरलेले आणि त्याचा पातळ थर आधारपट्टीवर दिलेला, ही रचना तेव्हापासून आजपर्यंत टिकून आहे. आपण पाहिलेली प्रत्येक कृष्णधवल फिल्म आणि प्रत्येक एक्स-रे फिल्म याच वंशातली.

मला छायाचित्रणाचा छंद असल्याने आणि वाळपईसारख्या ठिकाणी वैद्यकी करीत असल्याने या दोन्ही फिल्मशी माझा दीर्घकाळ संबंध आला. म्हणूनच बंद पडलेली एक फिल्म पुन्हा बाजारात आली, ही घटना या स्मरणिकेच्या वाचकांसमोर मांडावीशी वाटते.

बंद झाली आणि परत आली

जपानच्या फुजीफिल्म कंपनीची 'निओपॅन १०० अक्रॉस' ही कृष्णधवल फिल्म अतिसूक्ष्म कणांसाठी ख्यातनाम होती. तिचा आणखी एक गुण असा, की प्रदीर्घ एक्स्पोजर देतानाही तिची संवेदनक्षमता ढळत नसे. प्रकाश अगदी मंद असेल तर बहुतेक फिल्म 'थकतात'; गणिताने दहा सेकंद पुरेशी वाटली तरी प्रत्यक्षात त्याहून कितीतरी अधिक वेळ द्यावा लागतो. अक्रॉसला दोन मिनिटांपर्यंत अशी कोणतीही भर घालावी लागत नसे. त्यामुळे रात्रीचे आकाश, देवळाचा अंधारा गाभारा, समईच्या उजेडातील मूर्ती टिपणाऱ्यांना ती प्रिय होती. आपल्या सत्तरीत रणमाले रात्री रंगते. तेथील मिणमिणता उजेड ज्याने फिल्मवर पकडण्याचा यत्न केला असेल, त्याला या गुणाचे मोल वेगळे सांगावयास नको.

एप्रिल २०१८ मध्ये कंपनीने कृष्णधवल फिल्म आणि कृष्णधवल कागद यांची विक्री थांबवीत असल्याचे जाहीर केले. मागणी घटली होती आणि काही कच्चा मालही मिळेनासा झाला होता. जगभरच्या छायाचित्रकारांनी हळहळ व्यक्त केली. एरवी अशी हळहळ काही महिन्यांत विरून जाते. या वेळी मात्र वेगळे घडले. जून २०१९ मध्ये कंपनीने 'अक्रॉस टू' या नावाने ही फिल्म पुन्हा आणत असल्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती जपानमध्ये विक्रीस आली. दुर्मीळ झालेल्या द्रव्यांना पर्याय शोधून, त्यांना अनुरूप अशी निर्मितीप्रक्रिया नव्याने बसवावी लागली. फिल्मच्या खोक्यावर मात्र आता ती ब्रिटनमध्ये बनल्याची नोंद असते. नाव आणि गुण जपानचे, निर्मिती अन्यत्र, असा हा दत्तकविधान झाल्यासारखा पुनर्जन्म आहे.

हे एकमेव उदाहरण नव्हे. कोडॅकने २०१२ मध्ये बंद केलेली 'टी-मॅक्स पी ३२००' ही मंद प्रकाशात उपयोगी पडणारी कृष्णधवल फिल्म २०१८ मध्ये परत आणली. इटलीतील फेरानिया येथे जुन्या कारखान्याची थोडी यंत्रे वाचवून 'पी ३०' ही एकेकाळी चित्रपटांसाठी वापरली जाणारी कृष्णधवल फिल्म २०१७ मध्ये पुन्हा बनू लागली. इंग्लंडमधील इलफर्ड कंपनी २००४ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना तिच्याच व्यवस्थापकांनी तिचा कृष्णधवल विभाग विकत घेऊन तो तगविला.

औषध परतते तसे

आपल्या व्यवसायात अशी पुनरागमने अपरिचित नाहीत. मूत्रपिंडावरील दुष्परिणामांमुळे मागे पडलेले कोलिस्टिन, इतर प्रतिजैविके निष्प्रभ ठरू लागल्यावर अतिदक्षता विभागात परतले. १९६१ साली बाजारातून उठविले गेलेले थॅलिडोमाइड १९९८ मध्ये अमेरिकेत कुष्ठरोगातील एका तीव्र प्रतिक्रियेसाठी, कडक निर्बंधांसह, पुन्हा मान्यता पावले. परंतु औषधाचे रेणुसूत्र कागदावर असले की ते पुन्हा बनविता येते. फिल्मचे तसे नसते.

फिल्मचा थर संपूर्ण काळोखात, एक मीटरहून अधिक रुंदीच्या प्रचंड गुंडाळीवर अतिशय समतल द्यावा लागतो. ती यंत्रे एकदा मोडीत निघाली की पुन्हा उभी करणे जवळपास अशक्य असते. शिवाय कच्च्या मालाचा स्वभावही लहरी. एके काळी जिलेटिनचा एक घाणा उत्तम संवेदनक्षम फिल्म देई, तर दुसरा अगदी मंद. कोडॅकचे रसायनतज्ज्ञ सॅम्युअल शेपर्ड यांनी १९२० च्या दशकात याचे मूळ शोधले. ज्या गुरांच्या हाडा-कातड्यांपासून जिलेटिन बनले, त्यांनी मोहरीवर्गीय वनस्पती खाल्ल्या असतील तर जिलेटिनमध्ये गंधकाची संयुगे अत्यल्प प्रमाणात उतरतात आणि तीच फिल्मला तीव्र संवेदना देतात. आपल्या फोडणीतली मोहरी, आणि तिच्यावर चित्रपटसृष्टीचा डोलारा! अशा कित्येक बारकाव्यांची जाण कारागिरांच्या हातात असते. ते निवृत्त झाले की ती जाण त्यांच्याबरोबर जाते. म्हणूनच दोन वर्षांच्या आत परत येणे अक्रॉसला शक्य झाले. वीस वर्षांनी ते झाले असते असे मला वाटत नाही.

कृष्णधवल फिल्मला आणखी एक अनुकूलता आहे. कोडॅकची 'कोडाक्रोम' ही रंगीत फिल्म २००९ मध्ये बंद झाली आणि ती धुणारी जगातील अखेरची प्रयोगशाळाही २०१० च्या अखेरीस त्या कामातून निवृत्त झाली. तिची प्रक्रिया इतकी गुंतागुंतीची होती की ती परत येणे दुरापास्त आहे. उलट कृष्णधवल रोल घरातल्या न्हाणीघरातही धुता येतो. डेव्हलपर, पाणी, हायपो आणि अंधार एवढेच पुरे. 'रोडिनाल' या डेव्हलपरचा जन्म १८९१ चा आणि तो आजही वापरात आहे.

आपली 'इंदू'

परक्यांच्या फिल्मची कथा सांगताना स्वदेशी फिल्मचा विसर पडू नये. केंद्र सरकारने १९६० मध्ये स्थापन केलेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या कंपनीचा कारखाना उटीला होता. धूळ कमी आणि हवा थंड, म्हणून ती जागा निवडली गेली. १९६७ पासून तेथे उत्पादन सुरू झाले. 'इंदू' म्हणजे चंद्र. या नावाने कृष्णधवल रोल, फोटोचा कागद आणि एक्स-रे फिल्म देशभर जात. आपल्या पिढीतील कित्येक डॉक्टरांनी शिकाऊपणी ज्या क्षयग्रस्त फुप्फुसांच्या सावल्या पाहिल्या, त्यांपैकी अनेक 'इंदू'वर उमटलेल्या असतील. पुढे कर्ज वाढले, आयात स्वस्त झाली, १९९६ मध्ये कंपनी आजारी उद्योगांच्या यादीत गेली आणि कालांतराने कारखाना कायमचा थंडावला. या 'इंदू'ला मात्र पुन्हा पौर्णिमा दिसली नाही.

एक्स-रे फिल्मच्या इतिहासात वैद्यकाने फार मोठी किंमतही मोजली आहे. १५ मे १९२९ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये साठविलेल्या नायट्रेट आधाराच्या एक्स-रे फिल्म पेटल्या आणि विषारी वायूंनी १२३ जणांचा बळी घेतला. त्यानंतर रुग्णालयांतून नायट्रेट हद्दपार होण्यास गती आली व अ‍ॅसिटेटची सुरक्षित फिल्म रूढ झाली. आज आपण संगणकाच्या पडद्यावर एक्स-रे पाहतो. जुन्या फिल्म भंगारवाला वजनावर घेऊन जातो, त्यांतल्या चांदीसाठी.

घरातल्या पेटीत काय आहे?

नवी फिल्म परत आली याचा आनंद आहेच. परंतु जी निगेटिव्ह एकदा नष्ट झाली, तिला कोणताही कारखाना परत आणू शकत नाही. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चाही काही भागच आज शिल्लक आहे. आपल्या तालुक्यापुरते बोलायचे तर अंजुणे धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचे घे‌तलेले फोटो ज्या कोणाच्या पेटीत असतील, त्या पेटीबाहेर आज ती गावे नाहीत. काही वर्षांपूर्वी तपासणीस आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला पाकिटातून एक जुना फोटो काढून दाखविला. बुडालेल्या घराच्या अंगणात उभे कुटुंब. बुरशीने मधल्या दोन मुलांचे चेहरे खाल्ले होते. त्यांतला एक भाऊ हयात नव्हता आणि त्याचा दुसरा फोटो घरात नव्हता. निगेटिव्ह ज्या स्टुडिओत होती, तो बंद होताना सारी खोकी फेकून देण्यात आली होती. "डॉक्टर, ह्याका कायच वखद ना?" असे त्यांनी विचारले. त्या फोटोला माझ्याकडे खरोखरच औषध नव्हते.

परंतु प्रतिबंध आपल्या हाती आहे, आणि तो डॉक्टरांना सांगावा लागत नाही. सत्तरीचा पावसाळा हा फिल्मचा मोठा शत्रू. म्हणून काही गोष्टी आवर्जून कराव्यात:

निगेटिव्ह प्लॅस्टिकच्या स्वस्त पिशवीत न ठेवता साध्या आम्लरहित कागदी पाकिटात ठेवाव्यात. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात व पावसाळ्यात त्या बदलाव्यात किंवा तापवून पुन्हा वापराव्यात. बुरशी लागलेली निगेटिव्ह पाण्याने कदापि धुऊ नये. बुरशीमुळे जिलेटिन विरघळण्याजोगे झालेले असते आणि चित्र पाण्याबरोबर वाहून जाते. ज्या फिल्मला शिरक्यासारखा आंबट वास येतो, तिचा अ‍ॅसिटेट आधार कुजू लागलेला असतो. ती इतरांपासून वेगळी ठेवावी, कारण हा दोष संसर्गजन्य रोगासारखा शेजारच्या फिल्मना लागतो. तिचे स्कॅनिंग सर्वांआधी करावे. आणि प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहावे. ओळख नसलेला चेहरा एका पिढीनंतर अनोळखी होतो.

माझी वैद्यक बांधवांना एक विनंती आहे. आपण घरोघरी जातो, घरातील वडीलधाऱ्यांशी आपला विश्वासाचा संबंध असतो. रक्तदाब तपासून झाल्यावर जुन्या फोटोंची पेटी कोठे आहे, एवढे विचारावे. आपल्या संघटनेने एखाद्या रविवारी वाळपईत स्कॅनर मांडून बसावे आणि लोकांनी निगेटिव्ह घेऊन यावे, असा उपक्रम फार खर्चाचा नाही. रक्तदान शिबिरे भरविणाऱ्या संघटनेला तो अवघड वाटू नये. पाऊस सुरू होण्यापूर्वीचा, वैशाखातील एखादा रविवार त्यासाठी योग्य ठरेल.