चोळी, झंपर, ब्लाऊज... आणि गोवंडी

पणजीची चोळी पुढून गाठ मारायची. मग पोलकं आलं, झंपर आलं, शेवटी ब्लाऊज. इंग्रजीत ब्लाऊज म्हणजे बायकांचा शर्टासारखा टॉप; आपल्याकडे मात्र तो फक्त साडीवरचा! ओटीतला खणही आता ‘ब्लाऊज पीस’ झालाय.

लग्नाच्या सीझनला तुम्हाला हेवी वर्कवालाच हवा ना? गोवंडीच्या गल्ल्यांत लाकडी चौकटीवर कापड ताणून कारागीर जरी-टिकल्यांचं असं काम करतात. 2005 मध्ये इथल्याच जरीच्या कारखान्यात राबणारा एक लहान मुलगा मरण पावला. मग मुंबईत छापे पडले, शेकडो मुलं सुटली.

बुटीकमध्ये गळा, बाही, फिटिंग सगळं विचारता. आता एवढंही विचारा: हे वर्क कुणाच्या हातचं?