महाधमनीचा फुगवटा आणि शाखायुक्त स्टेंट ग्राफ्टची कसोटी

थोर शास्त्रज्ञ अल्बर्ट आईन्स्टाईन यांचे १८ एप्रिल १९५५ रोजी निधन झाले. पोटातील महाधमनीचा फुगवटा फुटणे, हे त्याचे कारण होते. १९४८ साली डॉ. रुडॉल्फ निस्सेन यांनी तो फुगवटा सेलोफेनने गुंडाळला होता. फुगलेला भाग बदलण्याची शस्त्रक्रिया तेव्हा सुरू झालेली नव्हती.

हृदयापासून निघणारी ही मुख्य रक्तवाहिनी पोटात सुमारे २ सेंटिमीटर रुंद असते. वाढते वय, धूम्रपान, उच्च रक्तदाब व आनुवंशिकता यांमुळे ती फुगू शकते. रुंदी पुरुषांत ५.५ आणि स्त्रियांत ५ सेंटिमीटर झाली की सामान्यतः उपचाराचा विचार होतो. फुगवटा फुटल्यास अनेक रुग्ण रुग्णालयापर्यंतही पोहोचत नाहीत.

१९९० साली अर्जेंटिनाचे डॉ. हुआन पारोदी यांनी पोट न उघडता, जांघेतील धमनीतून कापडी नळी आत नेऊन बसविली. तिला धातूच्या जाळीचा आधार असतो. मात्र फुगवटा वरपर्यंत पसरला असेल, तर साधी नळी आतडी, यकृत व मूत्रपिंडे यांच्या धमन्यांची तोंडेच बंद करील. म्हणून नळीला शाखा जोडण्याची कल्पना पुढे आली. अमेरिकेतील डॉ. टिमथी च्यूटर यांनी २००१ साली अशा बहुशाखी नळीविषयी लिहिले. चार शाखांच्या तयार नळीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता मिळाली ती जानेवारी २०२४ मध्ये.

एवढा काळ का लागावा? हृदय वर्षाला सुमारे ३ कोटी ८० लाख वेळा धडधडते. म्हणून दहा वर्षांचा ताण पाहण्यासाठी प्रयोगशाळेत नळीला सुमारे ४० कोटी ठोके सोसावे लागतात. शाखा जेथे जोडली जाते तेथे गळती होते का, जाळी तुटते का, नळी सरकते का, हे तपासले जाते. त्यानंतर प्राण्यांवर आणि मग निवडक रुग्णांवर चाचणी होते. मूत्रपिंडाची शाखा बंद पडणे किंवा मज्जारज्जूचा रक्तपुरवठा घटून पाय लुळे पडणे, हे धोके तेथेच कळतात.

भारतात १५ जून २००९ पासून वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदणी बंधनकारक आहे. नवे उपकरण चाचणीसाठी वापरायचे असल्यास नीतिमत्ता समितीची मान्यता व रुग्णाची लेखी संमती आवश्यक असते. कागदावर सही करण्यापूर्वी विचारावे : हे उपकरण मान्यताप्राप्त आहे की चाचणीखाली? दुसरा उपाय कोणता? इजा झाल्यास जबाबदारी कोणाची?

परभणी, जिंतूर वा गंगाखेडच्या कुटुंबाने आणखी एक प्रश्न विचारावा. हे उपचार मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांत होतात आणि नंतर आयुष्यभर ठराविक काळाने सी.टी. स्कॅन करावे लागते. तो प्रवास व खर्च आपल्याला झेपेल का? याचे उत्तर आधीच डॉक्टरांसमोर मांडणे हिताचे.

फुगवटा बहुधा दुखत नाही. पण पोटाच्या साध्या सोनोग्राफीत तो दिसतो. पासष्टी ओलांडलेल्या, विडी-सिगारेट ओढलेल्या पुरुषांनी आणि घरात हा आजार होऊन गेलेल्यांनी ती तपासणी करावी का, हे आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.