मका, चुना आणि संस्कार : मेक्सिको नगरातील बाजारफेरी व पाकपाठ

चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात आहाराचा विचार करताना आठ घटक सांगितले आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. यांपैकी करण म्हणजे संस्कार. जल, अग्नी, शौच, मंथन, भावना, कालप्रकर्ष, भाजन इत्यादींच्या योगे द्रव्याच्या ठायी मुळात नसलेले गुण उत्पन्न होतात, हा त्याचा मथितार्थ. विद्यार्थिदशेत हा विषय आपण सर्वांनी अभ्यासला आहे. तथापि एखाद्या द्रव्याचा संस्कार गळाला, तर समाजावर केवढे संकट ओढवते, याचे ढळढळीत उदाहरण आपल्या ग्रंथांबाहेर, थेट मेक्सिकोच्या मक्यात सापडते. मेक्सिको नगरात मुक्काम असताना तेथील एका शाकाहारी बाजारफेरीत व तिला जोडून असलेल्या पाकपाठात आम्ही सहभागी झालो. तेथे जे पाहिले ते चिकित्सक आणि औषधविक्रेते या दोघांच्याही उपयोगाचे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

बाजारफेरीचे स्वरूप

अशा फेरीत स्थानिक पाकशिक्षिका पाहुण्यांच्या लहान गटास सकाळी बाजारात नेते, भाज्या व धान्ये हाताळावयास देते, खरेदी करते आणि दुपारी त्याच जिन्नसांचा स्वयंपाक सर्वांकडून करवून घेते. आमच्या फेरीत मांस, अंडी व दूध तिन्ही वर्ज्य होती. ही अट मुद्दाम घालावी लागते. तेथील शिजवलेल्या घेवड्यात डुकराची चरबी असू शकते, तामालेच्या पिठात ती फेसून घालण्याची रीत आहे आणि भात अनेकदा कोंबडीच्या रश्शात शिजवतात. तिकडे जाणाऱ्या शाकाहारी वाचकांनी केवळ 'मांस नको' एवढे सांगून थांबू नये. चरबी व रस्सा यांचीही पृच्छा करावी.

मात्र या देशाच्या आहाराचा पाया वानसच आहे. मका, घेवडा आणि भोपळा ही तीन पिके एकाच शेतात घेण्याची तेथील परंपरा फार प्राचीन असून त्या शेतीस 'मिल्पा' म्हणतात. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो, भोपळ्याची पाने जमीन झाकून ओल राखतात. मक्यात लायसीन व ट्रिप्टोफॅन ही अमिनो अम्ले अल्प असतात. ती उणीव घेवडा भरून काढतो. आपल्या वरणभाताप्रमाणे हा संयोगच होय. मेक्सिकोच्या पारंपरिक पाकपरंपरेस २०१० मध्ये युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या सूचीत स्थान दिले.

ला मर्सेदचा शाकवर्ग

ला मर्सेद हा मेक्सिको नगरातील मोठा व जुना बाजार. त्याची आजची मुख्य इमारत १९५७ मधील आहे. आत शिरताच वाळलेल्या मिरच्यांच्या राशी, मक्याच्या सोपटांचे भारे आणि निवडुंगाच्या हिरव्या पेरांच्या उतरंडी दृष्टीस पडतात. आपल्या शेताच्या बांधावरील फड्या निवडुंगाच्या या भाईबंदास तेथे 'नोपाल' म्हणतात. विक्रेत्या स्त्रिया धारदार सुरीने त्याचे काटे इतक्या सफाईने तासतात की पाहत राहावे. पेर चिरल्यावर भेंडीसारखा पिच्छिल स्राव येतो. उकडून, धुऊन किंवा तव्यावर भाजून तो कमी करतात.

पालेभाज्यांच्या रांगेत तर आम्हास परदेशी असल्याचा विसर पडला. चाकवताच्या कुळातील 'केलीते सेनिसो' व 'वाउसोन्त्ले', माठाच्या जातीचे 'किंतोनिल' आणि 'व्हेर्दोलागा' म्हणजे आपली घोळ! वास्तुक, मारिष, लोणिका ही चरकाच्या शाकवर्गातील नावे आठवावीत अशीच ती रांग होती. पलीकडे राजगिऱ्याच्या वड्या मांडलेल्या. त्यांस 'आलेग्रिया' म्हणजे 'आनंद' असे नाव आहे. राजगिरा मूळचा याच प्रदेशातील. स्पॅनिश आक्रमणापूर्वी त्याच्या पिठाच्या देवमूर्ती घडवीत, म्हणून नव्या सत्तेने त्या विधींवर बंदी आणली. तेच धान्य आपल्याकडे उपवासाच्या फराळात मानाने बसले आहे.

देवघेव उलट दिशेनेही झाली. तेथील लोकप्रिय लाल सरबत 'हामाइका' हे आपल्या परिचयाच्या लाल अंबाडीच्या पुष्पकोशांचे, तर दुसरे सरबत चिंचेचे. ही दोन्ही द्रव्ये जुन्या जगातून तिकडे गेली. तिकडून आपल्याकडे मिरची, पेरू, सीताफळ व चिकू आले. चिकू हे नावच 'चिकोसापोते' या तेथील शब्दावरून आलेले आहे.

सोनोरातील वनस्पतिविक्रेते

ला मर्सेदपासून पायी जाण्याच्या अंतरावर सोनोरा बाजार आहे. तोही १९५७ मधील. येथे एका बाजूस जादूटोण्याच्या वस्तू, तर दुसऱ्या बाजूस वनौषधींच्या पेंढ्या. विक्रेते आहार व औषध यांचे 'उष्ण' आणि 'शीत' असे भेद सहज बोलून जातात. ही कल्पना स्पॅनिश वैद्यकातून आली की मूळची तेथलीच, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. वीर्यविचार जाणणाऱ्या आपणास ते संभाषण परके वाटत नाही.

येथील वनस्पतिज्ञान लिखित रूपातही जुने आहे. १५५२ मध्ये मार्तिन दे ला क्रूस या स्थानिक वैद्याने सांगितलेला आणि हुआन बादियानो याने लॅटिनमध्ये आणलेला सचित्र वनौषधिग्रंथ सिद्ध झाला. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, १५६३ मध्ये, आपल्या गोव्यात गार्सिया द ओर्ता याचा भारतीय औषधिद्रव्यांवरील ग्रंथ छापला गेला. पृथ्वीच्या दोन टोकांस एकाच शतकात हे घडले, याची नोंद द्रव्यगुणाच्या अभ्यासकांनी अवश्य घ्यावी.

सोनोरात आम्ही विशेषत्वाने पाहिली ती 'एपासोते'. उग्र गंधाची ही पाने घेवडा शिजताना घालतात. वाताचा त्रास होत नाही, असे सांगतात. आपण डाळी-उसळींना हिंग, ओवा योजतो, तसेच हे. ही वनस्पती कृमिघ्न म्हणूनही प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तिचे ऊर्ध्वपातित तेल अंकुशकृमींवर मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. परंतु त्यातील ॲस्कॅरिडॉल या घटकामुळे औषधी मात्रा व विषारी मात्रा यांतील अंतर फारच थोडे ठरले, विषबाधा झाल्या आणि अधिक निर्धोक औषधे उपलब्ध होताच ते तेल मागे पडले. घेवड्याच्या हंडीतील दोन पाने आणि कुपीतील तेल, वनस्पती एकच; पण द्रव्य एकच म्हणता येईल काय?

पाकपाठ : मक्यावरील संस्कार

दुपारच्या पाठात प्रथम मका आला. पाकशिक्षिकेने आदल्या सायंकाळी एक किलो वाळक्या मक्यास सुमारे दहा ग्रॅम खाण्याचा, विझवलेला चुना घेऊन तो अडीच-तीन लिटर पाण्यात कालवला होता. त्यात मका मंद आचेवर, दाण्याची साल बोटांनी सुटेपर्यंत, साधारण पाऊण तास शिजवून रात्रभर त्याच पाण्यात ठेवला होता. सकाळी ते पिवळसर पाणी टाकून दाणे चोळून धुतलेले. अशा मक्यास 'निश्तामाल' म्हणतात. मूळ नाहुआत्ल भाषेतील या शब्दात राख असा अर्थ दडलेला आहे. चुन्याप्रमाणे राखेचाही उपयोग होत असे. जल, अग्नी, शौच, कालप्रकर्ष हे सारे त्या एका पातेल्यात हजर होते; क्षाराचा योग वेगळाच.

हे दाणे 'मेताते' या पायांच्या पाट्यावर वाटले. न शिजवलेल्या मक्याच्या कोरड्या पिठाची भाकरी थापताना चिरते, हा आपल्या गृहिणींचा अनुभव. हा गोळा मात्र लोण्यासारखा मऊ व चिवट होता. त्याच्या पातळ तोर्तिया तापल्या खापरावर टाकल्या की भाकरीप्रमाणे फुगत. काही गोळ्यांत वाटलेला घेवडा भरून 'त्लाकोयो' केले. त्यांस तेलाचा थेंबही लागला नाही. सोबत एपासोते घालून शिजवलेला काळा घेवडा, कांदा-कोथिंबिरीची नोपालची कोशिंबीर, दगडी खलात कुटलेली हिरव्या तोमातियोची चटणी आणि अंबाडीचे सरबत. भोजन पोटभर झाले, तरी गौरव जाणवले नाही.

संस्कार विसरल्याचे फळ

कोलंबसाच्या सफरींनंतर मका युरोपात गेला. पीक भरघोस येई, म्हणून गरिबांचे ते मुख्य अन्न झाले. दाणे गेले, चुन्याची रीत मात्र मागे राहिली. स्पेनमधील आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याने १७३५ मध्ये एका नव्या व्याधीचे वर्णन लिहिले. इटलीत १७७१ मध्ये फ्रान्सेस्को फ्रापोली याने तिला 'पेलाग्रा' म्हटले. उन्हास उघड्या राहणाऱ्या अंगावर काळवंडलेली खरखरीत त्वचा, अतिसार, बुद्धिभ्रंश आणि शेवटी मृत्यू, असा तिचा क्रम. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या दक्षिण भागातही या व्याधीने असंख्य बळी घेतले. जोसेफ गोल्डबर्गर याने १९१४ पासून केलेल्या कार्यातून ती संसर्गजन्य नसून आहारज असल्याचे दाखविले, आणि १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेम याच्या संशोधनाने निकोटिनिक अम्लाचा संबंध स्पष्ट झाला.

मक्यात हे जीवनसत्त्व असते, परंतु बद्ध स्वरूपात; आतड्यात ते शोषले जात नाही. चुन्याच्या पाण्यात शिजविल्याने ते मोकळे होते, शिवाय धान्यात कॅल्शियमची भर पडते. रसायनशास्त्राने हे कारण सांगण्याच्या कितीतरी शतके आधी मेक्सिकोच्या स्त्रिया ते काम रोज करीत होत्या.

हा विषय आपणास दूरचा नाही. दख्खनमध्ये ज्वारी हेच प्रमुख अन्न असलेल्या गरीब लोकांत पेलाग्रा आढळत असे. हैदराबादचे डॉ. सी. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतील अधिक ल्यूसीनकडे बोट दाखवले. भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी व ताक असावे या आपल्या रीतीचे मोल यावरून कळते. मद्यपी रुग्ण, तसेच क्षयरोगावर आयसोनियाझिड घेणारे रुग्ण यांत पेलाग्रा आजही दिसू शकतो. मान, हात, पाऊल अशा उघड्या भागांवर दोन्ही बाजूंस सारखीच त्वचाविकृती आणि जोडीस अतिसार असेल, तर केवळ कुष्ठाचे निदान करून थांबू नये. आहाराचा इतिहास विचारावा व आवश्यक त्या तपासणीस पाठवावे.

चिकित्सक व औषधविक्रेते यांच्यासाठी

मेक्सिकोतील अनेक द्रव्ये आज आपल्या दुकानांच्या फळीवर आली आहेत. त्यांचा द्रव्यगुण आपल्या संहितांत नाही. तो ठरविताना घाई उपयोगी नाही. चिया तेथे लिंबाच्या सरबतात भिजवून, फुगवून घेतात. कोरडे बी गिळून वर पाणी प्यायल्याने ते अन्ननलिकेत फुगून अडकल्याचे रुग्णवृत्त नोंदलेले आहे. सब्जा भिजवून देणाऱ्या आपल्या आजीबाईंना हे सांगावे लागले नसते. पुडीवर मात्र ते ठळक छापावे लागेल. नोपालचा मधुमेहातील अभ्यास मेक्सिकोतील संशोधकांनी १९८० च्या दशकात केला तो भाजलेल्या पेरांचा. त्याचा आधार घेऊन सुक्या चूर्णाची कॅप्सूल तितकीच गुणकारी म्हणणे शास्त्रास धरून नाही. मधुमेहाची औषधे चालू असलेल्या रुग्णास ती देताना रक्तशर्करेवर लक्ष ठेवावे.

रसशास्त्रात हरताळाच्या शोधनास चूर्णोदक सांगितले आहे. अशोधित हरताळ कोणी वैद्य देणार नाही. खाद्य म्हणून आलेल्या परक्या द्रव्यास हीच दक्षता लागू करावी, एवढेच आमचे म्हणणे. नवे द्रव्य दुकानात ठेवण्यापूर्वी पुरवठादारास पाच गोष्टी विचाराव्यात : वनस्पतीची निश्चित ओळख, वापरलेले अंग, मूळ देशातील संस्कार, कशाबरोबर घेण्याची रीत आणि मात्रा. उत्तरे लेखी घ्यावीत व मालाच्या नोंदीसोबत जपावीत. ज्याचा संस्कार पुरवठादारास सांगता येत नाही, ते द्रव्य औषध म्हणून विकू नये. मक्यासारख्या साध्या धान्याच्या बाबतीत हा प्रश्न वेळीच विचारला न गेल्याची किंमत युरोप-अमेरिकेतील गरिबांनी दोन शतके मोजली आहे.