हिरव्या पाटीचा दिवस

पहाटे 4.15. पार्किंगमधल्या 15 अँपिअरच्या प्लगवरून गन काढली. पडद्यावर 100 टक्के. 26 युनिटची बॅटरी, कागदावर 315 किलोमीटर. माझ्या हिशेबात एसी लावून 200. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं, म्हणजे भाड्याची इलेक्ट्रिक सेडान. दुसरी गाडी घ्यायची आहे. पुन्हा सेडान की उंच क्रॉसओव्हर, हे आज ठरवायचं.

5.00. खांदा कॉलनीतून नवी मुंबई विमानतळ. 25 डिसेंबर 2025ला पहिलं प्रवासी विमान उडालं आणि पनवेलच्या गाडीवाल्यांच्या डिकीची परीक्षा सुरू झाली. एक बॅग डिकीत उभी, दुसरी आडवी, तिसरी पुढच्या सीटवर. गुडघे धरत आजी आत शिरल्या आणि म्हणाल्या, "अरे बाबा, यात बसायचं की झोपायचं?"

7.30. शिवडीचं भाडं, अटल सेतूवरून. 21.8 किलोमीटर, पेट्रोलच्या मोटारीला एकेरी 250 रुपये टोल. इलेक्ट्रिक मोटारींना 22 ऑगस्ट 2025 पासून माफी. इथे सेडानची बाजू भक्कम. बसकी गाडी वारा कापत जाते. उंच गाडीला वेग वाढला की वारा जास्त अडवतो आणि युनिटं जास्त जातात. खाडीवरचा वारा तर फुकटात धडा देतो.

11.00. परत आलो, बॅटरी निम्मी. एका चार्जिंगच्या ठिकाणी दोनपैकी एक गन बंद, दुसऱ्यापुढे तीन गाड्या. चहा दोन वेळा झाला. 80 टक्के व्हायला साडेबारा वाजले. रस्त्यावरच्या चार्जिंगच्या भरवशावर गाडी घेऊ नये, ती घरच्या प्लगच्या भरवशावर घ्यावी.

1.30. शोरूम. विंडसर ही इलेक्ट्रिक क्रॉसओव्हर बघितली. सेडानसारखी डिकी अशी नाही. मागचं दार वर जातं, आत 604 लिटर जागा. माझ्या सेडानच्या, टिगोर ईव्हीच्या डिकीत 316. जमिनीपासूनची उंची तिची 172 मिलिमीटर, हिची 186. फरक बोटभराचा, पण पनवेलच्या गतिरोधकांवर बोटभरसुद्धा मोलाचं. मी मुद्दाम चार वेळा चढलो-उतरलो. वाकावं लागत नाही, बूड सरळ सीटवर टेकतं. आजी आठवल्या.

सेल्समन भाड्याच्या बॅटरीवर आला. 2024 साली ही गाडी आली तेव्हा 9.99 लाख आणि पुढे दर किलोमीटरला 3.50 रुपये बॅटरीचे. ऐकायला गोड. मी त्याच्याच माहितीपत्रकाच्या पाठीवर मांडलं: रोज 200 किलोमीटर म्हणजे 700 रुपये, महिन्याचे 25 दिवस धरले तर 17,500. शिवाय वीज वेगळी. "साहेब, प्रायव्हेटवाल्यांना परवडतं," तो हळूच म्हणाला. बरोबरच आहे. ज्याची गाडी रविवारी बाहेर पडते त्याच्यासाठी ही सोय आहे. दिवसभर धावणाऱ्याने बॅटरीसकट घ्यावी.

4.00. लोणावळ्याचं भाडं, बोरघाट. वर जाताना 32 टक्के गेले, उतरताना पाय सोडला की मोटरच गाडी रोखते आणि बॅटरीत परत भरते. येताना 13 टक्क्यांत पनवेल. ब्रेकला पाय जवळजवळ नाहीच. घाटात सेडान आणि क्रॉसओव्हर दोघींचं गणित वजनावर असतं, दिसण्यावर नाही.

9.30. सोसायटीच्या गेटवरचा गतिरोधक. चारही प्रवासी उतरले तरी पोटाला खर्र. गन लावली. बायकोने विचारलं, "ठरलं का?"

"उंच घेऊ. बॅटरी आपली."

"हप्ता?"

"तो सेडानच भरेल."

10.20. फोन वाजला. उद्या पहाटे विमानतळ, तीन माणसं, पाच बॅगा, जमेल का? 'जमेल' लिहिलं, आणि त्याखाली: एक बॅग मांडीवर घ्यावी लागेल.