जोडीने राहणाऱ्या वानरांची पोरं घर का सोडतात?

कुरकुंभच्या आसपासच्या माळरानावर मेंढपाळांना अधूनमधून एकटाच लांडगा दिसतो. 'टोळीतून हाकललेला असेल', 'पिसाळलेला असेल', असा तर्क गावात लगेच सुरू होतो. पुष्कळदा यातलं काहीच खरं नसतं. लांडगे जोडीने संसार करतात. नर, मादी आणि त्यांची पिल्लं अशी टोळी असते. पिल्लं एक ते तीन वर्षांची झाली की घर सोडतात, नरही आणि मादीही. तो एकटा लांडगा म्हणजे स्वतःचं घर शोधायला निघालेलं तरुण पोर असतं.

मग आपल्याला नात्याने जवळची असलेली माकडं आणि वानरं काय करतात, ते पाहू.

मुलगे जातात, मुली राहतात

आपल्याकडे लाल तोंडाचं माकड आणि काळ्या तोंडाचं वानर दोन्ही दिसतात. ही दोघंही जोडीने राहत नाहीत. वानरांच्या टोळीत बहुधा एकच मोठा नर आणि अनेक माद्या असतात. वयात येणारे नर टोळीबाहेर पडतात आणि नरांच्याच वेगळ्या टोळ्या करून हिंडतात. माकडांतही नरच टोळी सोडतात. लेकी मात्र आई, मावशी, आजी यांच्याजवळ जन्मभर राहतात.

जोडीने राहणाऱ्या जातींत हे चित्र बदलतं. तिथे मुलगाही जातो आणि मुलगीही जाते.

आसामचा हूलॉक

आपल्या देशात याचं उत्तम उदाहरण म्हणजे ईशान्येकडच्या जंगलातला हूलॉक गिबन. याला शेपूट नसतं, हात लांब असतात, भुवया पांढऱ्या असतात. मोठा नर काळा आणि मोठी मादी तपकिरी असते. एक नर, एक मादी आणि दोन-तीन पोरं एवढंच कुटुंब असतं. सकाळी नवरा-बायको मिळून मोठ्याने गातात. हा भाग आमचा आहे, हे शेजाऱ्यांना सांगण्याची ती रीत आहे. एका वेळी एकच पिल्लू होतं आणि पुढचं दोन-तीन वर्षांनी. म्हणजे थोरलं पोर वयात येईपर्यंत घरात धाकटी भावंडं आलेली असतात.

थायलंडच्या खाओ याई जंगलातल्या गिबनांचा बरीच वर्षं अभ्यास झाला. तिथली पोरं साधारण दहाव्या वर्षी घर सोडतात, असं दिसलं. म्हणजे अंगाने पूर्ण वाढल्यावरही ती सुमारे दोन वर्षं आईबापाजवळ काढतात. लांबही जात नाहीत. शेजारच्या कुटुंबात जागा झाली की तिथे शिरतात.

कारणं काय?

पहिलं कारण जोडीदाराचं. टोळी मोठी असली तर परक्या रक्ताचा कुणी तरी टोळीतच भेटतो. इथे घरात आई, बाप आणि भावंडंच. सख्ख्या नात्यात संतती झाली तर दोन्हीकडचे दडलेले दोष पिल्लात एकत्र येतात आणि पिल्लं अशक्त निपजतात. म्हणून जोडीदार हवा तर उंबरठा ओलांडावाच लागतो, लेकालाही आणि लेकीलाही.

दुसरं कारण पोटाचं. एका कुटुंबाच्या वाट्याला जंगलाचा ठरावीक तुकडा येतो. त्यातली उंबर-वडाची फळं धाकट्यांनाही पुरायची असतात.

तिसरं कारण जागेचं. घरात संसार एकाच जोडीचा चालतो. त्यामुळे मोठं झालेलं पोर हळूहळू कडेला सरकतं, वेगळ्या झाडावर खातं, वेगळं झोपतं.

बाहेर पडणं सोपं नसतं. आर्जेंटिनातल्या फोर्मोसा प्रांतात मोठ्या डोळ्यांचं, रात्री हिंडणारं एक लहान माकड आहे. १९९६ पासून त्याचा अभ्यास चालू आहे. त्यांच्यात पिल्लू पाठीवर वागवण्याचं काम बाप करतो, आई मुख्यतः दूध पाजण्यापुरतं घेते. असं मायेचं घर असूनही पोरं साधारण तिसऱ्या वर्षाच्या सुमारास निघतात. मग एकटी भटकतात. मोकळी जागा नसली तर दुसऱ्या जोडीतल्या नराशी किंवा मादीशी झुंजतात. त्या झुंजीत जीवही जातो.

वाट अडली तर?

आसामच्या जोरहाट जिल्ह्यातलं होलोंगापार अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम २१ चौरस किलोमीटर. त्याच्या मधून रेल्वेचा रूळ जातो. दौंड जंक्शनजवळ राहणाऱ्या माणसाला रूळ ओलांडणं ही रोजची गोष्ट, पण गिबन सहसा जमिनीवर उतरतच नाही. तो फांदीवरून फांदीवर जातो. रुळापलीकडच्या छोट्या तुकड्यातलं पोर मोठं झालं तरी जाणार कुठे? २०१५ मध्ये लोखंडी पूल बांधून पाहिला, पण गिबन तिकडे फिरकले नाहीत. आता दोराच्या पुलांची योजना पुढे आली आहे.

आपल्या माळावरच्या लांडग्याचंही तेच. हमरस्ता, रूळ, कारखान्यांच्या भिंती आणि नांगरलेलं गवत यांतून त्याला वाट काढावी लागते. तरुण जनावराला पुढचं घर सापडलं नाही, तर ती पिढी तिथेच खुंटते.

वाचकहो, जनावरांची रीत हा माणसांसाठी कायदा नव्हे. लेकीने जावं आणि लेकाने राहावं, असा नियम निसर्गाने कुणाला घालून दिलेला नाही. कुठे मुलगे जातात, कुठे दोघंही जातात, ज्याच्या त्याच्या जगण्याप्रमाणे. पण माळावर एकटा लांडगा दिसला तर मुलांना दगड उचलू देऊ नका. लांबून पाहा आणि जाऊ द्या. तो अंगावर येत असेल किंवा लडखडत असेल तर दूर राहून वनखात्याला कळवा. चावलाच तर जखम साबण-पाण्याने भरपूर धुऊन ताबडतोब दवाखाना गाठा. नाही तर तो आपला रस्ता धरून चाललेला असतो. त्याला फक्त पलीकडे जायचं असतं.