६४ जीबीचा पेनड्राइव्ह ५९.६ जीबीच का दाखवतो?

रायगडात एमएस-सीआयटी केलेली मुलं पुष्कळ. त्या कोर्सात कॉम्प्युटर वापरायला शिकतो. तो चालतो कसा, हे कळतं कॉलेजात, मग ते अलिबागचं असो वा लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ.

पेनड्राइव्हचंच बघा. दुकानदाराने फसवलेलं नाही! कंपनीचा एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट. विंडोजचा म्हणजे २ चा ३० वा घात, सुमारे १०७ कोटी ३७ लाख. भागाकार करा, हिशेब जुळतो.

आता मजकुराचे बाइट. युनिकोडमध्ये ‘अ’चा क्रमांक २३०९. हे क्रमांक साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी वेलांटी-कानाही, ३ बाइट घेतं. म्हणून ‘अलिबाग’ला १८ बाइट लागतात, रोमन लिपीत (Alibaug) फक्त ७.

फर्स्ट इयरवाल्यांनो, ‘श्रीवर्धन’चे बाइट किती? कमेंटमध्ये सांगा. जोडाक्षरांतला हलन्त विसरू नका!